पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी: गुलमोहर लावू की करंज?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. नाव-गाव बाजूला ठेवून त्यांची अडचण थोडक्यात सांगतो.

तीन गुंठ्यांच्या जागेत त्यांचं बैठं घर आहे. स्वयंपाकघर पश्चिमेला, घराच्या वायव्य कोपऱ्यात. त्याच बाजूला पण दक्षिणेकडे ओटा आहे. थंडीत सासूबाई दुपारच्या तिथे उन्हाला बसतात. मार्च लागला की दुपारी तीननंतर ही बाजू तापायला लागते आणि मे महिन्यात जेवणं उरकली तरी स्वयंपाकघराची भिंत हाताला गरम लागते. भिंतीपासून कंपाउंडपर्यंत २४ फूट मोकळी जागा आहे, पलीकडे रस्ता. नैऋत्य कोपऱ्यात सेप्टिक टाकी. जमीन वर काळी, खाली मुरूम. यजमानांना तिथे गुलमोहर हवा आहे, कारण त्यांच्या शाळेच्या आवारात होता. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, गुलमोहर परदेशी, लावायचा तर करंज लावा. घराजवळ पानझडीचंच झाड असावं, म्हणजे उन्हाळ्यात सावली मिळते आणि हिवाळ्यात ऊन, असंही त्याने वाचलं आहे. शेजारच्या काकूंचं म्हणणं, करंजाच्या पानांना गाठी येतात आणि शेंगांचा कचरा होतो. बापलेकांचं जमेना म्हणून खड्डासुद्धा अजून खणलेला नाही. ताई विचारतात, "दोन्ही झाडं पानझडीचीच आहेत, मग कुठलंही लावलं तरी काय फरक पडतो? आणि मी घरात बाजू कुणाची घेऊ?"

प्रिय ताई,

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. तुमच्या त्या २४ फुटांत करंज लावा. मात्र मुलगा ज्या कारणासाठी करंज म्हणतोय ते कारण मला फारसं पटलेलं नाही. आणि यजमानांची गुलमोहराची ओढ मी अजिबात हलकी धरत नाही. साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. ज्या जिल्ह्यात एका झाडाच्या फुलण्याला असा मान आहे, तिथल्या माणसाला अंगणात ते झाड हवंसं वाटणं साहजिकच आहे.

तुमचा पहिला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. दोन्ही पानझडीची, मग फरक काय? फरक महिन्यांचा आहे. नुसतं "पानझडीचं" म्हणून भागत नाही. पानं कुठल्या महिन्यात गळतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नवी पानं कुठल्या महिन्यात येतात, हे बघावं लागतं.

उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, हा मुलाने वाचलेला सल्ला खोटा नाही. तो थंड मुलखातला आहे. युरोपात, उत्तर अमेरिकेत झाडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं टाकतात, बर्फाचे महिने उघडी काढतात आणि वसंतात पुन्हा भरतात. तिथे ते गणित चोख बसतं. आपल्याकडची झाडं पानं टाकतात ती थंडीमुळे नव्हे, पाण्याच्या ओढीमुळे. परतीचा पाऊस संपल्यावर जमिनीतली ओल हळूहळू उतरते आणि ती पुरेनाशी झाली की झाड पानं सोडतं. त्यामुळे आपली पानगळ येते ती साधारण थंडी सरताना, फेब्रुवारी-मार्चकडे. डिसेंबरात सासूबाई ओट्यावर बसतात तेव्हा करंज गच्च हिरवा असतो आणि गुलमोहरालाही बऱ्यापैकी पानं असतात. म्हणजे ज्या दिवसांत ऊन हवं त्या दिवसांत दोघंही ऊन अडवणार. हिवाळ्यातल्या उन्हाची सोय आपल्याला पानगळीवर सोडून चालणार नाही. ती वेगळ्या रीतीने करता येते, त्याकडे येतोच.

आता उन्हाळा. गुलमोहराची पानं थंडीनंतर विरळ होत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक झाडं उघडी होतात. वर फक्त काळ्या, लांब, चपट्या शेंगा लोंबत असतात. मग एप्रिल-मेमध्ये फुलं येतात, त्यांच्याबरोबर किंवा मागोमाग पानं फुटू लागतात आणि झाड पानांनी पुरतं भरेपर्यंत पाऊस दाराशी आलेला असतो. डोळ्यांना तो बहर मोठा सुखाचा. पण त्याच्याखाली उभं राहून वर न बघता जमिनीकडे बघा. सावलीची जाळी पडलेली दिसेल, तिच्या भोकांतून ऊन खाली उतरतं. गुलमोहराची गडद सावली असते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा तुमच्या स्वयंपाकघराला तिची गरज नसते.

करंजाची पानगळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला होते. फार दिवस तो उघडा राहत नाही. काही झाडं तर जुनी पानं पुरती गळायच्या आतच पालवतात. ही पालवी एकदा जवळून बघण्यासारखी असते. सुरुवातीला पोपटी, कोवळी, तेल लावल्यासारखी चमकणारी आणि देठाशी जरा लोंबती. थोड्याच दिवसांत तीच पानं ताठ, जाड, गडद होतात. सावली ज्या महिन्यांत हवी, म्हणजे एप्रिल आणि मे, त्या महिन्यांत करंज नव्या पानांनी भरलेला असतो. भर दुपारी बसच्या थांब्यावरची माणसं कुठल्या झाडाखाली दाटीने उभी असतात ते पाहिलंत, तर बऱ्याच गावांत तो करंज किंवा कडुनिंब निघेल.

माझ्यावर विसंबू नका. तुमच्या गावात दोन्ही झाडं असणारच. एप्रिलच्या मध्यावर दुपारी चारला यजमानांना घेऊन निघा. आधी गुलमोहराखाली उभ्या राहा, मग करंजाखाली. वाद घालायची गरजच पडणार नाही, निम्मा निकाल तिथेच लागेल.

बहावा लावू का, असं विचारणारी पत्रंही मला नेहमी येतात, म्हणून इथेच सांगतो. बहावा आपल्याच रानातला, पसारा बेताचा, फुलं अप्रतिम. पण एप्रिल-मेच्या बहरात त्याच्यावर पानं फार थोडी असतात. शोभेसाठी तो जरूर लावावा. भर उन्हाळ्याच्या सावलीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आता झाडाच्या जागेकडे वळू. झाड कुठलं लावायचं यावर घराघरांत महिनोन्‌महिने खल चालतो. ते कुठे लावायचं हे मात्र खड्डा खणणारा माणूस दारात आल्यावर पाच मिनिटांत ठरतं. खरं तर सावली पडणार की नाही हे जागेवरच ठरतं.

साताऱ्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हा. त्या वेळी झाडाची सावली झाडाच्या पायाशीच पडते आणि भिंतीला तिचा काही उपयोग नसतो. भिंत तापते ती नंतर, सूर्य पश्चिमेला कलल्यावर. मेमध्ये दुपारी चारला सूर्य ठीक पश्चिमेला किंवा किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, क्षितिजापासून साधारण ४० अंश वर. डिसेंबरात त्याच चार वाजता तो चांगलाच दक्षिणेकडे, म्हणजे नैऋत्येला असतो आणि २५ अंशांच्या आसपास उतरलेला असतो.

यातच सासूबाईंच्या उन्हाची सोय आहे. तुमचं स्वयंपाकघर वायव्येला, ओटा त्याच्या दक्षिणेला. झाड जर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर किंवा तिच्याही थोडं उत्तरेकडे लावलंत, तर मेमधलं ऊन झाडावर अडेल. डिसेंबरातलं ऊन झाडाच्या डाव्या अंगाने, नैऋत्येकडून सरळ ओट्यावर येईल. झाडाला पानं आहेत की नाहीत याने काही बिघडणार नाही. शिवाय सेप्टिक टाकी नैऋत्य कोपऱ्यात आहे, तिच्यापासूनही झाड लांब राहील. तुमच्या घराची मांडणी या बाबतीत फार सोयीची आहे.

अंतराचं बोलायचं तर भिंतीपासून १६ फूट आणि कंपाउंडपासून ८ फूट अशी जागा धरा. मेमध्ये चार वाजता कुठल्याही उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट लांब पडते, पाच वाजता दुप्पट. करंज २० फुटांचा झाला की चारच्या सुमाराला भिंतीवर सहा-साडेसहा फुटांपर्यंत सावली चढेल, म्हणजे खिडकीचा बराचसा भाग झाकला जाईल. २५ फुटांचा झाला की जवळजवळ सगळी भिंत. हे कागदावरचं गणित पटवून घ्यायचं असेल तर सोपा उपाय आहे. मेच्या मध्यावर एक सात फुटी बांबू ठरवलेल्या जागी उभा करा आणि तीन, चार, पाच वाजता त्याच्या सावलीच्या टोकाशी विटेचा तुकडा ठेवा. सावली कुठल्या दिशेने सरकते ते तुमच्या अंगणातच दिसेल. हे काम मुलाला सांगा. सुट्टीला आला की त्याच्याच हातून होऊ दे.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक जोड देतो. नागपूरकडे सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात, पण संध्याकाळचं ऊन तिथेही पश्चिमेचंच. दक्षिणेला झाड लावून उन्हाळ्यात भिंत थंड होईल ही अपेक्षा महाराष्ट्रात कुठेही धरू नका. दक्षिणेचं झाड अडवतं ते थंडीतलं ऊन.

गुलमोहर तुमच्या जागेत नको म्हणतो, त्याचं सावलीपेक्षाही मोठं कारण वारा आहे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, फांद्या लांब आणि आडव्या पसरणाऱ्या. छत्री उंचीपेक्षा रुंदीला जास्त होते. मुळं वरच्या थरात पसरतात आणि मोठ्या झाडाच्या बुंध्याशी तर जमिनीवर आलेली दिसतात. वळवाच्या पावसात रस्त्यावर आडव्या पडलेल्या फांद्यांमध्ये गुलमोहराच्या किती असतात, ते तुम्हीही पाहत असाल. तुमचं झाड घराच्या पश्चिमेला असणार आणि पावसाळ्यातला वाराही पश्चिमेचा. जमीन भिजून मऊ झालेली, वर पानांचा सगळा भार आणि मागून वारा. फांदी मोडली किंवा झाड कललं, तर ते स्वयंपाकघराकडेच येणार. दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत फक्त आठ फुटांवर. काळ्या जमिनीत उन्हाळी भेगा पडतात, त्यात मोठ्या झाडाची मुळं पाणी ओढतात, की भिंतीखालची माती आणखी आवळते. पूर्ण वाढलेल्या गुलमोहराला घरापासून किमान तीस फूट आणि चारही बाजूंनी मोकळी जागा द्यावी, असं माझं मत आहे. तुमच्याकडे एवढी जागा असती, तर मी यजमानांच्या बाजूने लिहिलं असतं.

म्हणजे मुलाचं उत्तर बरोबर आलं, रीत मात्र तपासावी लागेल. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हे खरं. पण केवळ बाहेरून आला म्हणून झाड वाईट, असं मानलं तर मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ हे सगळं परसातून उपटावं लागेल. सुबाभूळ जशी एकदा लावली की बिया पडून चहूकडे माजते, तसा गुलमोहर आपल्याकडे माजत नाही. त्याच्या म्हणण्यातला खरा भाग वेगळा आहे. करंज इथल्या नदीकाठांचा, ओढ्यांचा, खाडीकाठांचा. इथल्या किड्यामुंग्यांची आणि त्याची ओळख जुनी आहे. त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, बहरात मधमाश्यांची रीघ लागते. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. घराजवळ असं झाड असलं की आसपासचा जीव वाढतो. मुलाने आपल्या वडिलांना हे सांगावं. "परदेशी" हा एकच शब्द फेकला, की ऐकणाऱ्याला आपली आठवणच कुणी हाकलून देतंय असं वाटतं, आणि मग झाडाचं बोलणं तिथेच थांबतं.

आता शेजारच्या काकूंच्या तक्रारी. दोन्ही खऱ्या आहेत, त्यामुळे करंज लावायच्या आधीच त्या नीट समजून घ्या.

पानांवरच्या गाठी एका अतिशय बारीक कोळीच्या जातीमुळे येतात, डोळ्यांना दिसतही नाही इतक्या लहान. पानावर मोहरीएवढे, कधी मुगाएवढे फोड उठतात आणि एकाच पानावर ते दाटीने असू शकतात. दिसायला ते नक्कीच बरं दिसत नाही. पण झाड त्याने मरत नाही, सावलीही कमी होत नाही. पानगळीत ती पानं गळून जातात. त्यासाठी औषध फवारायचं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी विष उडवून मिळवायचं काय? शिवाय त्याच फवाऱ्याने मधमाश्या जातील. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघाही दिसतील. ते पान पोखरणाऱ्या अळीचं काम, त्यालाही दुर्लक्ष हाच उपाय.

कचऱ्याचं म्हणाल तर कचरा दोन्ही झाडांचा होतो. गुलमोहराची पर्णिका नखाएवढी. ती फरशीच्या फटीत, गच्चीच्या पन्हळीत जाऊन बसते आणि पहिल्या पावसात पाणी तुंबवते. खराट्याला ती दाद देत नाही. त्याच्या शेंगा हातभर लांब आणि कडक. करंजाचं पान तळहाताएवढं, दोन हात मारले की ढीग होतो. बहरात गुलाबी-पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, तो तर मी कचऱ्यात धरतच नाही. शेंगा बोटाएवढ्या, चपट्या, जाड सालीच्या, आपोआप न फुटणाऱ्या. त्या गोळा करून ठेवता येतात. करंजाचा पाला उत्तम खत होतो, भाताच्या खाचरात तो गाडायची जुनी पद्धत आहे. घराच्या एका कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद खड्डा पाल्यासाठी राखून ठेवा. वर थोडं शेण आणि पाणी पडलं की वर्षाच्या आत परसबागेपुरतं खत निघेल. सावध राहायचं ते बियांच्या बाबतीत. त्या कडू आणि विषारी असतात, तेलही खाण्याचं नव्हे. घरात लहान मूल रांगत असेल किंवा दारात शेळी बांधलेली असेल, तर शेंगांच्या दिवसांत रोजच्या रोज झाडून घ्या.

काकूंनी न सांगितलेला एक दोष मीच सांगतो. करंजाच्या मुळांवरून धुमारे फुटतात आणि झाडाखाली पडलेलं बीही चटकन रुजतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती रोपं उपटून टाकायची. अंगठ्याएवढं खोड झालं, की मग ते काम कुदळीवर जातं.

दुसरा प्रश्न, बाजू कुणाची घ्यायची? ताई, पत्र वाचताना मला सारखं एक जाणवत होतं. स्वयंपाकघरात उन्हाच्या वेळी तुम्ही उभ्या असता, आणि पत्रात सगळ्यांचं मत आहे, तुमचं मात्र नाही. यजमानांना बहर हवा, मुलाला देशी झाड, सासूबाईंना ऊन, काकूंना स्वच्छ अंगण. चार वाजता चहाचं आधण ठेवताना तुम्हाला काय हवंय? ते एकदा घरात मोठ्याने म्हणून टाका. "मला मे महिन्यात या खिडकीवर सावली हवी" एवढं वाक्य पुरे. मग झाडाची निवड बापलेकांच्या आवडीवर राहत नाही, घराच्या गरजेवर येते, आणि कुणाची बाजू घ्यायचा प्रश्नही फारसा उरत नाही.

तरीही यजमानांचा गुलमोहर सोडून देऊ नका असं मला मनापासून वाटतं. मळा असेल तर बांधाच्या त्या टोकाला, जिथे पिकावर सावली पडणार नाही, विहीर आणि पाइपलाइन लांब आहे आणि खाली कुणाचा गोठा नाही, तिथे एक लावता येईल. तशी जागा नसेल तर शाळेचं मैदान, गावठाणातली मोकळी जागा आहे. ग्रामपंचायतीला किंवा शाळेला विचारून, कुंपण घालून आणि दोन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी उचलून लावलेलं झाड कुणी नाकारत नाही. गुलमोहराचं बी कडक असतं. गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवलं की उगवायला सोपं जातं. ज्या शाळेतला गुलमोहर त्यांच्या मनात आहे तो अजून उभा असेल, तर बी तिथलंच आणता येईल.

आणि अंगणातच फुलं हवीत असा त्यांचा आग्रह असेल, तर घराच्या पुढच्या बाजूला ताम्हणाचा विचार करा. महाराष्ट्राचं राज्यफूल. पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, एप्रिलपासून नवी पानं आणि पाठोपाठ जांभळ्या फुलांचे तुरे. पसारा आवरता, लाकूड चिवट. ओल मात्र त्याला हवी, त्यामुळे न्हाणीघराचं पाणी जिथे जातं त्या बाजूला ते खुशीत वाढतं. पश्चिमेच्या भिंतीसाठी ताम्हण का नको, असं तुम्ही विचाराल. चालेल, वाईट नाही. सावली करंजापेक्षा विरळ पडेल एवढंच. ज्यांच्याकडे २४ ऐवजी १५ फूटच जागा आहे, त्यांना मी ताम्हणच सुचवेन. आणि ज्यांच्याकडे जागा ऐसपैस आहे, पाणी कमी आहे, त्यांनी कडुनिंबाकडे बघावं. त्याचीही नवी पालवी मार्च-एप्रिलमध्येच येते.

करंज आज लावला म्हणजे पुढच्या वर्षी सावली मिळाली, असं होणार नाही. पहिली दोन वर्षं तो मुळं धरतो, वर फारसं काही दिसत नाही. नीट पाणी मिळालं तर पाच-सहा वर्षांत खिडकीपर्यंत सावली येऊ लागेल. गुलमोहर यापेक्षा भराभर वाढतो, हे यजमानांचं म्हणणं असेल तर ते बरोबर आहे. मधल्या वर्षांसाठी भिंतीपासून तीन-चार फुटांवर बांबूचा किंवा लोखंडी पाइपचा मांडव घाला आणि त्यावर मधुमालती चढवा. पाणी मिळालं की ती दुसऱ्या उन्हाळ्यात मांडव भरते. यंदाच्या मेसाठी मात्र खिडकीबाहेर हिरवी शेडनेट किंवा बांबूची चटई बांधा. ती काचेच्या आत लावून उपयोग नाही, ऊन भिंतीला लागायच्या आधी अडलं पाहिजे.

लावणीचं सांगतो. मेमध्ये तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्या. वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना काळी माती, दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. मुरूम सगळा परत टाकू नका. जूनमधल्या पहिल्या सरीला घाई करायची नाही, जमीन हातभर ओली झाली की रोप लावा. रोप सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून मिळेल. पाच फुटांच्या आसपासचं, एकाच सरळ शेंड्याचं घ्या. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळं गोल गुंडाळलेली दिसली, तर ती हाताने मोकळी करा, फार गुंतली असतील तर कापा. मुलगा पुण्याहून दहा-बारा फुटांचं तयार झाड गाडीत घालून आणायचं म्हणेल. नको म्हणा. कुंडीत वर्षानुवर्षं अडकलेल्या मुळांचं मोठं झाड जमिनीत रुजायला वेळ घेतं आणि लहान रोप बऱ्याचदा त्याला गाठतं.

खालच्या फांद्या पहिल्या वर्षी छाटू नका, खोड त्यांच्यामुळेच जाड होतं. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी एक-दोन काढत खोड सात-आठ फुटांपर्यंत मोकळं करा, म्हणजे खालून वारा खेळेल आणि माणसाला वावरता येईल. दोन शेंडे फुटले तर एक ठेवा. रस्त्यावरून विजेची तार जात असेल, तर त्या बाजूची फांदी लहान असतानाच आवरा. मोठी झाल्यावर छाटायची तर महावितरणची माणसं बोलवावी लागतील.

शहरातल्या आणि नगरपालिका हद्दीतल्या वाचकांनी ध्यानात ठेवावं, की १९७५ च्या राज्याच्या कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लावताना अंतर मोजायला लागणारा अर्धा तास पुढचे कितीतरी अर्ज वाचवतो.

पाणी पहिले तीन उन्हाळे घालायचं. रोज तांब्याभर घालू नका, त्याने मुळं वरच्यावर राहतात. आठवड्यातून दोनदा, बुंध्यापासून हातभर लांब आळं करून दोन-तीन बादल्या ओता आणि आळ्यावर चार बोटं पाला पसरा. पाला खोडाला टेकू देऊ नका, तिथे वाळवी चढते. चौथ्या उन्हाळ्यात पाणी हळूहळू तोडा.